धूर मात्र बरोबर धुराड्यातच जातो
सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखं अशक्य काहीतरी दाखवणारं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, याचा अर्थ काय? मीही कितीतरी वर्षं तेच करायचे, मुंग्या म्हणजे सडणं, घड्याळ म्हणजे काळ असं जुळवत बसायचे आणि एकदा अर्थ लागला की लगेच पुढचं चित्र.

ही सवय मोडली बेल्जियन चित्रकार रने माग्रीतच्या १९३८ च्या एका चित्राने. साधी खोली, फायरप्लेस, त्यावर काळं घड्याळ, दोन मेणबत्तीदानं पण मेणबत्त्या नाहीत, मागे आरसा. आणि फायरप्लेसच्या पोटातून चक्क रेल्वेचं इंजिन बाहेर आलंय, रूळबिळ काही नाही, हवेत तसंच, आणि त्याचा धूर मात्र अगदी शिस्तीत वर घराच्या धुराड्यात चाललाय! मी त्या धुरापाशीच अडकले. कारण स्वप्नात नेमकं असंच होतं ना, एक गोष्ट अशक्य घडते पण तिच्या मागचं सगळं बिनचूक चालू राहतं, म्हणून तर झोपेत आपल्याला काही खटकत नाही.

मग स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची ती वितळलेली घड्याळं (१९३१) पुन्हा बघितली. चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटर, वहीच्या पानाएवढं. फांदीवरचं घड्याळ ओल्या कपड्यासारखं लोंबतंय, आणि मुंग्या लागल्यात त्या नेमक्या न वितळलेल्या, झाकण बंद असलेल्या घड्याळाला! मागचे डोंगरकडे तर खरेच आहेत, स्पेनमधल्या कातालोनियाच्या किनाऱ्यावरचे, त्याच्या रोजच्या बघण्यातले.

प्रतीकं नसतातच असं नाही म्हणत मी, कवी आंद्रे ब्रेतोंने १९२४ चा सर्रिअलिझमचा जाहीरनामा लिहिला तोच स्वप्नांचे अर्थ लावणाऱ्या फ्रॉइडला वाचून. पण माग्रीतचे ते चेहऱ्यावर कापड गुंडाळून चुंबन घेणारे दोघं घ्या, १९२८ चं चित्र. त्याची आई १९१२ मध्ये नदीत बुडून गेली, तेव्हा तो १३ वर्षांचा होता, आणि ती सापडली तेव्हा तिचा गाऊन चेहऱ्यावर गुंडाळलेला होता असं सांगतात, त्यामुळे लोक ते कापड थेट तिच्याशी जोडतात. त्याला स्वतःला हा अर्थ पटत नव्हता. खरं सांगू, ती गोष्ट कळल्यावर मला काही दिवस चित्रात ती आईच दिसायची, ते दोघं दिसेचनात. आता परत दिसतात. त्याचा सूट, टाय, तिचा लाल ड्रेस, आणि दोघांचे चेहरे इतके जवळ की मधे फक्त कापडाच्या चुण्या.