30 तास किंवा जास्त

रविवार, रात्र. खरं तर सोमवार लागलाय.

इरा झोपली. मला झोप येत नाहीये आणि कारण सांगितलं तर ताई हसेल, म्हणून इथे लिहितेय.

दुपारी इराला नवा गेम उतरवून घ्यायचा होता. स्विच, म्हणजे माझा हातात धरून खेळायचा निन्टेन्डोचा कन्सोल, म्हणाला, जागा नाही. मुळात आतली जागा 32 जीबी, वर माझं कार्ड जुनं आणि छोटं. मी पोळ्या लाटत होते. तिने सराईतपणे यादी उघडली, तळाशी गेली आणि म्हणाली, "मावशी, हे उडवू का? तू तर खेळतच नाहीस हे." बोट होतं 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या स्टार वॉर्स गेमच्या दुसऱ्या भागावर.

मी "नको!" म्हणाले. म्हणाले कसलं, ओरडले. पोळी तव्यावर तशीच. इराने कन्सोल हळूच सोफ्यावर ठेवला. "अगं, विचारलं फक्त."

खरंच, विचारलंच होतं फक्त.

संध्याकाळभर स्वतःला पटवत होते की मी त्या गेमची वाट बघतेय. म्हणजे त्याच्या गाळलेल्या भागाची. 2004 च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा आला तेव्हा ऑब्सिडियन कंपनीला बनवायला जेमतेम वर्षभर आणि वर काही महिने मिळाले होते. घाईत शेवट अर्धामुर्धा राहिला, यंत्रमानवांचा एक अख्खा ग्रह गळला. पण गाळलेल्याचे तुकडे फायलींमध्ये पडून होते. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ते उकरले, जोडले, शिवले, आणि 2012 पर्यंत बराचसा भाग पुन्हा उभा केला. पगार नाही, काही नाही. मला ही माणसं फार आवडतात. जुन्या वाड्याची पडकी भिंत स्वतःच्या खिशातून बांधणारे असतात ना, त्यातली.

मग जून 2022 मध्ये गेम स्विचवर आला, तो या वचनासकट की हा गाळलेला भागही नंतर देऊ, आणि फुकट देऊ. सुरुवातीला तर मूळ गेमच स्विचवर शेवटपर्यंत नेता येत नव्हता, ओंडेरॉन ग्रहावर बंद पडायचा. पुढे दुरुस्ती आली. माझं काही अडलं नाही, मी तिथवर पोचलेच नव्हते. मी गेममधल्या नार शड्डाला थांबले. म्हटलं, तो भाग आला की पहिल्यापासून खेळू, पूर्ण, जसा असायला हवा होता तसा.

त्या जूनमध्ये मी रात्री बाबांजवळ असायचे. आवाज बंद करून, उजेड कमी करून खेळायला हातातला स्विच बरा पडायचा. असो.

जून 2023 मध्ये सांगितलं, तो भाग येणार नाही. दिलगिरी, आणि भरपाई म्हणून दुसरा एखादा गेम फुकट. जे 2004 मध्ये गाळलं तेच पुन्हा एकदा गाळलं. एकाच माणसाचं लग्न दोनदा मोडावं तसं.

हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच दिवशी वाचलं होतं. मग ही तीन वर्षं मी कशाची वाट बघत होते?

माझ्या वाट्याला नेहमी "नंतर"च येतं, असं एक मोठं रडगाणं मनात तयार झालं होतं. त्यात घरही आलं, ते पत्रही आलं, सुजयचं ते वाक्यही. इथे लिहीत नाही, लिहिलं की खरं वाटायला लागतं.

पण बघा ना, सगळं बुडलं असतं तर मी शहाणी झाले असते. 'सिल्कसाँग' हा गेम 2019 मध्ये जाहीर झाला, लोकांनी चेष्टा करायची शिल्लक ठेवली नाही, आणि 2025 च्या सप्टेंबरात आला! 'मेट्रॉइड प्राइम 4'चं तर 2017 मध्ये नुसतं नाव दाखवलं होतं. 2019 मध्ये निन्टेन्डोने स्वतः सांगितलं की मनासारखं जमत नाहीये, सगळं पहिल्यापासून करतोय. तोही डिसेंबर 2025 मध्ये आला. मग माणसाने कुठल्या तोंडाने आशा सोडायची? स्वारगेटला बाकावर बसल्यावर उशिरा येणारी गाडी आणि न येणारी गाडी सारखीच दिसते. चौकशीच्या खिडकीतला माणूसही दोन्हींना "येईल" म्हणतो.

'गॉलम' या गेमचंही तसंच. मे 2023 मध्ये बाकी कन्सोलांवर आला, स्विचवर मागाहून येणार होता. लोकांनी इतका धुतला की काही आठवड्यांत तो बनवणाऱ्या जर्मन कंपनीने स्वतः गेम बनवणंच थांबवलं. स्विचवर कधीच आला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. म्हणजे न आलेल्या सगळ्याचंच वाईट वाटतं असं नाही.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं मात्र वाटलं. तो स्विचसाठी नव्हता, पण त्यातला 'सँड्स ऑफ टाइम' हा जुना गेम नव्याने बनवायचं काम आपल्या पुण्यात आणि मुंबईत चाललं होतं! सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाला तेव्हा उगाचच कॉलर ताठ झाली होती, जणू मीच कोड लिहिला. मग तारखा पुढे पुढे गेल्या, मे 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं आणि या जानेवारीत सरळ रद्द. कोणीतरी त्यातली एखादी भिंत, एखादी कमान महिनोन्महिने घासली असेल. तो माणूस कदाचित माझ्याच बसला असतो. त्याने काय करायचं? त्याच्याकडे तर सेव्हसुद्धा नाही, खेळ जिथवर आला ते जपून ठेवलेलं.

माझ्याकडे आहे. मघाशी बघितलं. प्रोफाइलवर लिहिलंय, 30 तास किंवा जास्त. सेव्ह उघडलं. गेममधली माझी बाई नार शड्डाच्या धक्क्यावर उभी आहे, चार वर्षं, त्याच कपड्यांत. पुढे काय करायचं होतं, काही आठवत नाही. कोणाशी बोलायला चालले होते? कुठलं बटण कशाचं हेसुद्धा विसरले. दोन मिनिटांत एका फालतू गुंडाकडून मेले. हसू आलं.

खरं सांगायचं तर 2022 मध्ये तो अर्ध्या शेवटासकट संपवता आला असता. 2004 ची पोरं तसाच संपवून मोकळी झाली, शिव्या घातल्या आणि दुसरा गेम लावला. मला संपवायचा नव्हता, आणि "नंतर येणार आहे" हे कारण आयतं मिळालं होतं. ते गेल्यावरही मी तिथेच. चांगली आहे म्हणजे मी. रद्द झालेल्या गाडीचं आरक्षण धरून बसलेली.

जेवताना इरा म्हणाली होती, "मावशी, गेम उडवला तरी सेव्ह जात नाही गं. ते वेगळं राहतं." अकरा वर्षांची आहे. मी "हो का" म्हणाले आणि तिला आणखी भात वाढला.

आत्ता उडवला. आधी विचारतो तो, नक्की का, आणि सांगतो की सेव्ह तसंच राहील. दोनदा वाचलं.

इराचा गेम उतरायला लावलाय. अजून चाळीस मिनिटं दाखवतोय. आवाज बंद आहे, उजेडही कमी केलाय, ती शेजारीच झोपलीये.