भोंग्यावर चालणारी खाणावळ

मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचा, म्हणजे गिरणगावाचा, इतिहास सांगताना बहुतेकजण गिरण्या, युनियन आणि संप यांवर भर देतात, आणि ते योग्यच आहे. मात्र साच्यांवर, म्हणजे मागांवर, उभ्या राहणाऱ्या त्या माणसांना रोज दोन वेळा जेवू कोण घालत होते, हा प्रश्न त्यात मागे पडतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून एकटेच मुंबईत राहत. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडी या भागांतील चाळींत एकेका खोलीत गावातली दहा-पंधरा माणसे असत, आणि पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागी अंथरूण टाकी. अशा खोलीत चूल मांडणे शक्यच नव्हते, म्हणून शेजारच्या खोलीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याची खाणावळ लावली जाई.

माझी आजी डिलाईल रोडच्या चाळीत अशी खाणावळ चालवत असे. तिच्याकडे घड्याळ नव्हते; गिरणीचा भोंगा झाला की परातीत पीठ पडे आणि पाळी सुटायच्या आत भाकऱ्यांची चवड तयार असे. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे कोण किती वेळा जेवला याचा हिशेब ती दारामागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी, आणि त्या रेघांवरून कधी वाद झाल्याचे मी ऐकलेले नाही. पैसे मात्र पगार झाल्यावरच मिळत. तोवर ज्वारी, तांदूळ, तेल सगळे वाण्याकडून उधार आणावे लागे आणि त्याचे व्याज तिच्याच कष्टातून जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्याचे मोल या उधारीमुळे कळते. घरात बसून केलेल्या या कामाला ‘धंदा’ म्हणून प्रथमच कागदावर जागा मिळाली. कामगार चळवळीच्या इतिहासात या घटनेला आजवर मिळाले त्याहून पुष्कळ मोठे स्थान मिळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगाराबरोबर खाणावळीचे पैसेही थांबले. आजीने कोणालाही पानावरून उठवले नाही. भिंतीवरच्या रेघा वाढत गेल्या, भाजीची जागा आमटीने घेतली, मग दोन वेळचे जेवण एक वेळेवर आले, आणि हळूहळू एकेकजण वळकटी बांधून गावी निघून गेला. पुढच्या वर्षी तिने सोळा ताटांपैकी अकरा मोडीत घातली आणि आलेल्या पैशांतून पहिल्यांदा वाण्याची उधारी फेडली.