ओंबिलांच्या झाडावरचा कोळी : एका मॅक्रो छायाचित्राची घडण

कुडाळजवळ माझ्या मामांची काजूची बाग आहे आणि त्या बागेतल्या बऱ्याच झाडांवर ओंबिलांची वस्ती असते. पाने एकमेकांना जोडून घरटी करणाऱ्या या तांबड्या मुंग्या काजूच्या पालवीवर येणाऱ्या ढेकण्याला आणि इतर किडींना झाडावर फारसे टिकू देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या चाव्याचा त्रास होत असूनही मामा त्यांची घरटी कधी पाडत नाहीत. याच मुंग्यांच्या रांगांच्या आसपास, हुबेहूब ओंबिलासारखा दिसणारा आणि तशाच चालीने फिरणारा एक उडी मारणारा कोळी राहतो. शास्त्रीय साहित्यात तो मिर्माराक्ने प्लाटालिओइडस या नावाने ओळखला जात असे. आता त्याला मिर्माप्लाटा या प्रजातीत ठेवतात. हा कोळी मुंगी नाही, हे पाहणाऱ्याला एकाच छायाचित्रावरून पटावे, म्हणजे त्याचे आठ पाय मोजता यावेत आणि पुढचे दोन मोठे डोळे स्पष्ट दिसावेत, अशी माझी इच्छा होती. ते मॅक्रो, म्हणजे लहान वस्तूचे अगदी जवळून घेतलेले, छायाचित्र हाती येईपर्यंत काय काय करावे लागले, ते येथे लिहीत आहे.

प्रथम या कोळ्याच्या रचनेविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिच्यातूनच आल्या. कोळ्याच्या शरीराचे दोनच भाग असतात. परंतु याच्या पुढच्या भागाला मध्ये खाच असल्यामुळे मुंगीचे डोके आणि छाती वेगळी असल्याचा भास होतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेले काळे ठिपके मुंगीच्या संयुक्त डोळ्यांसारखे दिसतात. पुढचे दोन पाय तो हवेत उचलून मुंगीच्या मिशांसारखे सतत हलवत राहतो, त्यामुळे चालताना जमिनीवर सहाच पाय टेकलेले दिसतात. एवढे सोंग असूनही तो ओंबिलांना स्पर्श होऊ देत नाही. मुंगी जवळ येऊ लागली की तो बाजूला सरतो आणि फारच अंगावर आली तर रेशमाच्या धाग्यावरून खाली लोंबतो. तो धागा दिसला की ओळखीविषयी शंका उरत नाही.

मादीच्या शरीराची लांबी साधारण १० मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर असल्याने एकास एक विवर्धनावर, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडत असताना, पाय पसरलेला कोळी चौकटीत नीट बसतो. त्याहून मोठे करून पाहण्याची मला गरज नव्हती. खरी अडचण होती ती स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याच्या जाडीची. लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. त्याचा एफ आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, आणि छिद्र जितके लहान तितका हा पट्टा जाड. एकास एक विवर्धनावर एफ ११ लावले असता माझ्या सेन्सरवर सुमारे ०.९ मिलिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. विवर्धन दुप्पट केले की तो ०.३ मिलिमीटरच्या आसपास येतो. कोळी किंचित तिरका उभा असेल तर डोळे स्पष्ट आणि पोट धुरकट, किंवा त्याच्या उलट, असा परिणाम ठरलेला. ॲपर्चर आणखी लहान करून हा प्रश्न सुटत नाही, कारण इतक्या जवळून चित्र घेताना लेन्सवर लावलेला एफ ११ हा एकास एक विवर्धनावर प्रत्यक्षात एफ २२ इतका होतो. एफ १६ लावला तर तो एफ ३२ होतो आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. कोळ्याच्या अंगावरचे बारीक केस त्या मऊपणात पहिल्यांदा नाहीसे होतात. मी दोन्ही करून पाहिले आणि एफ ११ वर थांबलो.

अनेक चित्रे वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून घ्यायची आणि नंतर संगणकावर एकत्र करायची, ही पद्धत स्थिर वस्तूंसाठी उत्तम आहे. फुलपाखराची अंडी, बुरशीच्या छत्र्या, पहाटे दवाने जड झालेली टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक) यांची अशी चित्रे मी आनंदाने घेतली आहेत. पण जो प्राणी पुढचे दोन पाय क्षणभरही थांबवत नाही, त्याच्यावर ही पद्धत चालत नाही. एकत्र केलेल्या चित्रात पायांच्या पुसट सावल्या उमटतात आणि आठाऐवजी दहा-बारा पाय मोजावे लागतात. मला पाय मोजता येणारेच चित्र हवे होते. तेव्हा जे साधायचे ते एकाच चौकटीत साधायचे, म्हणजे कोळ्याचे शरीर सेन्सरच्या प्रतलाला समांतर असेल त्याच क्षणी बटण दाबायचे, हे निश्चित झाले.

लेन्स १०० मिलिमीटरची वापरली. एकास एक विवर्धनावर तिच्या पुढच्या काचेपासून प्राण्यापर्यंत १३-१४ सेंटिमीटर अंतर राहते, ६० मिलिमीटरच्या लेन्सला ते बरेच कमी मिळते. ओंबिलांच्या झाडाजवळ उभे राहताना या काही सेंटिमीटरांचे मोल कळते. त्या चावतात आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात. लेन्सच्या कडेवरून त्या हातावर केव्हा आल्या हे कळतही नाही. शिवाय उडी मारणाऱ्या कोळ्यांची नजर तीक्ष्ण असते आणि काच फार जवळ आली की तो तोंड फिरवून थेट तिच्याकडेच पाहू लागतो.

सर्वांत जास्त श्रम प्रकाशावर गेले, आणि माझ्या मते मॅक्रो छायाचित्रणात लेन्सपेक्षा प्रकाशाची तयारी महत्त्वाची असते. एवढ्या लहान ॲपर्चरला झाडाखालचा उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॅश अपरिहार्य ठरतो. फ्लॅशचा दुसरा उपयोगही मोठा आहे. त्याची शक्ती कमी ठेवली की झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात संपतो आणि हाताचा किंवा पायांच्या हालचालीचा कंप चित्रात येत नाही. मात्र उघड्या फ्लॅशने या कोळ्याच्या गुळगुळीत अंगावर पांढरे चट्टे उमटतात, डोळ्यांत प्रकाशाचा कठोर ठिपका येतो आणि तांबूस रंग उडून जातो. यावर उपाय म्हणजे प्रकाशाचा उगम प्राण्याच्या मानाने मोठा करणे. पातळ पांढऱ्या प्लॅस्टिकची पाटी वाकवून मी लेन्सवरून पुढे येणारी छपरी केली, तिच्या आत ट्रेसिंग पेपरचे दोन थर दिले आणि फ्लॅशचे तोंड तिच्यावर वळवले. छपरी जितकी कोळ्याजवळ आली, तितका प्रकाश मऊ होत गेला. छपरीची उंची आणि कोन ठरवण्यासाठी सराव ओंबिलांवरच केला. त्या भरपूर असतात आणि त्यांचे अंगही तसेच चकचकते. त्या सरावात आणखी एक गोष्ट हाती आली. फ्लॅशचा प्रकाश मागे पोहोचेपर्यंत क्षीण होतो आणि पार्श्वभूमी काळी पडते, म्हणून कोळ्याच्या मागे काही सेंटिमीटरवर हिरवे पान येईल अशीच जागा निवडावी लागते.

एवढी तयारी झाल्यावरही फिरणाऱ्या कोळ्याचा पाठलाग करून हवे ते चित्र मिळाले नाही. तो मुंगीसारखाच नागमोडी आणि थांबत-थांबत चालतो, आणि समांतर होण्याचा क्षण येईपर्यंत पानाच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. तेव्हा मी कॅमेरा बाजूला ठेवून नुसते निरीक्षण करू लागलो. हे कोळी दिवसा हिंडतात आणि रात्र पानावर विणलेल्या रेशमी आवरणात काढतात. मादी अंडी घालते तीही अशाच आवरणात, आणि त्यांच्या राखणीसाठी तेथेच राहते. काजूच्या रुंद पानावर शिरेजवळच्या खोलगट जागी पांढुरके, दाट विणीचे आवरण दिसू लागल्यावर पुढचे काम सोपे झाले. मादी आवरणाच्या तोंडाशी येते, थोडे फिरते आणि परत आत जाते. तिची वाट ठरलेली असल्याने त्या वाटेच्या बाजूला कॅमेरा आधीच लावून ठेवता आला. फोकस हाताने एकास एकवर बांधून ठेवला आणि स्वतः किंचित पुढे-मागे झुकत ती स्पष्ट होण्याची वाट पाहिली. माझी सावली पानावर पडणार नाही अशी बाजू धरली, कारण सावली फिरली की ती आत जाते.

या टप्प्यावर काही पथ्ये मी कटाक्षाने पाळली. आवरण फाडून मादीला बाहेर काढले नाही, पान तोडून सोयीच्या उजेडात नेले नाही. कीटक थंड करून सुस्त केले तर चित्रे सहज मिळतात, हे मला ठाऊक आहे. ते मला मान्य नाही. गारठलेल्या प्राण्याचे पाय आखडतात आणि चित्रात दिसणारी ठेवण त्याच्या जगण्यातली राहत नाही. जे चित्र एखाद्या जीवाची वागणूक दाखवण्यासाठी घ्यायचे, त्यासाठी ती वागणूकच मोडणे मला पटत नाही.

शेवटी मिळालेले चित्र बाजूने घेतलेले आहे. मादी पानाच्या कडेवर उभी आहे, पुढचे पाय उचललेले आहेत, आणि डोळ्यांपासून पोटाच्या टोकापर्यंत सगळी रेषा स्पष्ट आली आहे. पलीकडच्या बाजूचे पाय थोडे धुरकट आहेत, पण मोजता येतात. समोरून घेतलेले दुसरे चित्र वेगळ्या हिशेबाने घ्यावे लागले. तेथे पुढचे दोन मोठे डोळे एवढेच स्पष्ट ठेवले आणि मागचे शरीर धूसर होऊ दिले. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मामांना दाखवली, तेव्हा त्यांनी पहिल्या चित्रातले पाय बोट ठेवून मोजले आणि आपण याला आजवर ओंबीलच समजत होतो, असे सांगितले.

नराचे चित्र मात्र अजून घ्यायचे आहे. त्याचे जबडे पुढे आडवे वाढलेले असतात आणि टोकाशी फुगीर असतात, त्यामुळे एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असे वाटते. या जबड्यांमुळे त्याची लांबी मादीपेक्षा बरीच वाढते आणि बाजूने पाहता त्यांची रुंदी कळत नाही. त्यासाठी वरून, पाठीच्या प्रतलाला समांतर राहून चित्र घ्यावे लागेल, आणि छपरीही नव्याने बांधावी लागेल, कारण आताची छपरी उभ्या पानासाठी केलेली आहे.