माझा अनुभव: कात्रज ते सिंहगड, मनगटावरच्या रेघेमागे

पळण्यासाठी जीपीएसचं घड्याळ घेऊन दोन वर्षं झाली तरी त्यातलं नेव्हिगेशन, म्हणजे वाट दाखवायची सोय, मी एकदाही उघडलं नव्हतं. रोज पळायचा रस्ता ठरलेला, अंतर आणि वेग दिसला की काम झालं. गेल्या जूनमध्ये मावसभाऊ म्हणाला, "ताई, या पावसाळ्यात कात्रज-सिंहगड करूया, पळत." मग तो मेनू उघडावाच लागला.

कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाच्या डांबरी रस्त्यापर्यंत भुलेश्वर डोंगररांगेची ही धार, म्हणजे माथ्यामाथ्याने जाणारी वाट, साधारण १५ किलोमीटर. तेरा टेकड्या म्हणतात, पण मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. कोरड्या दिवसांत रात्री गेलं तर उजव्या हाताला पुण्याचे दिवे आणि डावीकडे खाली सातारा रस्त्याचे दिवे सोबत असतात, त्यामुळे दिशा सहसा चुकत नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या घड्याळात नकाशा नाही. काळ्या पडद्यावर एक रेघ आणि त्या रेघेवर आपला बाण, एवढंच. ती रेघ जीपीएक्स फाईलमधून येते. फाईल म्हणजे अक्षांश-रेखांशांची एक लांबलचक यादी, बहुतेक वेळा सोबत प्रत्येक बिंदूची उंची आणि वेळ. ती दोन तऱ्हेने मिळते: आपण नकाशावर बोटाने वाट काढायची, नाहीतर कुणीतरी प्रत्यक्ष चालून नोंदवलेला ट्रॅक घ्यायचा. मी आधी स्वतः काढून पाहिली. रस्ता असेल तिथे रेघ बरोबर बसत होती, पण धारेवरच्या पायवाटा नकाशात जिथे तुटल्या होत्या तिथे ती सरळ दरी ओलांडून पलीकडे जात होती. म्हणून शेवटी एका अनोळखी ट्रेकरचा नोंदवलेला ट्रॅक घेतला. त्यात एका ठिकाणी रेघेचा गुंता दिसत होता. तिथे तो बसून खात असणार, कारण माणूस थांबला तरी घड्याळ दोन-चार मीटर इकडेतिकडे बिंदू टाकतच राहतं.

सरावाला पुण्यातलीच वेताळ टेकडी निवडली आणि ते फार बरं झालं. पहिल्या दिवशी वर पोचल्यावर कळलं की फाईल फोनच्या ॲपमध्ये आहे, घड्याळात गेलेलीच नाही. ॲपमध्ये मार्ग जतन करणं आणि तो घड्याळात पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आता मी घरीच घड्याळावर मार्ग उघडून, रेघ डोळ्यांनी बघून मगच बाहेर पडते.

दुसऱ्या दिवशी रेघ दिसली, पण बाण भलतीकडे तोंड करून. मी उभ्या-उभ्या मनगट फिरवत राहिले. जीपीएसला आपण कुठे आहोत ते कळतं, आपलं तोंड कुठे आहे ते कळत नाही. ते त्याला आपल्या हालचालीवरून ठरवावं लागतं, नाहीतर घड्याळातल्या होकायंत्रावरून, आणि ते आधी हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून जुळवून घ्यावं लागतं. त्यानंतर फाट्यावर उभं राहून निर्णय घ्यायचं मी सोडलं. एक वाट धरायची, वीस-तीस पावलं जायचं आणि बाण रेघेवर राहतो की सुटतो ते बघायचं. चुकलो तर तीस पावलं मागे.

तिसरा धडाही टेकडीवरच मिळाला. खाणीच्या बाजूला दोन पायवाटा दहा-बारा मीटर अंतराने जवळजवळ समांतर जातात. मी चुकीच्या वाटेवर असताना घड्याळ शांत होतं. माझ्या घड्याळात मार्ग सोडल्याचा इशारा साधारण ५० मीटर दूर गेल्यावरच येतो, आणि पडद्यावरचा झूम २०० मीटरच्या प्रमाणावर ठेवला तर दहा मीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हापासून फाट्याजवळ प्रमाण ५० मीटरवर आणते, मोकळ्या धारेवर परत २००.

जुलैच्या मध्यात आम्ही निघालो. पहाटे पाचला बोगद्यापाशी उतरलो आणि डोंगराच्या भिंतीला चिकटून उभं न राहता उघड्या जागी जाऊन जीपीएस लागेपर्यंत थांबलो. उभ्या कड्यांवरून सिग्नल परावर्तित होऊन येतात आणि सुरुवातच पन्नास मीटर बाजूला होते. धुक्याने मात्र जीपीएसचं काही बिघडत नाही. माथ्यावर समोरचा माणूस दिसत नसतानाही घड्याळाला आभाळ मोकळंच असतं. वाघजाईच्या देवळात हात जोडले आणि चढायला लागलो.

पहिल्या चार टेकड्या छान गेल्या. उंचीचा आलेख असलेला पडदा या धारेवर फार उपयोगी पडतो. समोर पांढरं धुकं, पण या चढाचे अजून ४० मीटर उरलेत एवढं कळलं की पाय आपोआप बेताने पडतात.

पाचव्या टेकडीच्या खांद्यावर वाट फुटली. उजवीकडे गवतातून बारीक पाऊलवाट वर चढत होती, डावीकडे रुंद मळलेली वाट आडवी जात होती. आम्ही रुंद वाटेने पळालो. पावसात हात जॅकेटमध्ये असल्यामुळे घड्याळाची थरथर मला उशिरा जाणवली. बघितलं तर रेघ उजवीकडे, जेमतेम ७० मीटरवर. भाऊ म्हणाला, "जवळच आहे की, सरळ कापून जाऊ."

पडद्यावरची रेघ सपाट असते. बाजूला ७० मीटर दिसत होते, त्यात वर किती ते नव्हतं. धारेची वाट आमच्या डोक्यावर चांगली पन्नास-साठ मीटर होती, मध्ये कारवीचं रान आणि ओला मुरूम. वीसेक फूट चढलो असू, तेवढ्यात भावाचा पाय सरकला आणि तो कारवीची काटकी धरून कसाबसा थांबला. दोघंही बसून, हात टेकत खाली आलो. माझं काळीज धडधडत होतं. त्याच्या आईला, माझ्या मावशीला, मी शब्द देऊन आले होते.

तिथे मी दुसरी चूक केली. ‘सुरुवातीकडे परत’ हा मोड उघडला आणि त्यातला पहिला पर्याय दाबला. बाण थेट दरीकडे वळला. त्या पर्यायात घड्याळ आपण आहोत तिथपासून सुरुवातीच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा धरतं, मध्ये दरी असो की कडा. मैदानात ते ठीक असेल, सह्याद्रीत तो पर्याय नकोच. दुसरा पर्याय आपल्याच पावलांवरून मागे नेणारा होता. तो लावला आणि अर्धा किलोमीटर उलटे निघालो.

वाटेत घोंगडी पांघरलेले एक बाबा शेळ्या घेऊन येत होते. "ही गुरांची वाट हाय ताई, खाली पाण्यावर जाती. धारंची वाट वरनं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "धुक्यात चकवा लागतो इथं, हळू जावा." मी मनापासून मान डोलावली. फाटा सापडला, पण वेळ बराच गेला होता आणि पाऊस वाढला होता, म्हणून त्या दिवशी कात्रजलाच परतलो. येताना पूर्ण वाट आपल्याच ट्रॅकवरून आलो आणि घड्याळावरचा माझा विश्वास बसला तो तेव्हा. गेलेली वाट ते खरोखर नीट लक्षात ठेवतं.

सप्टेंबरअखेर परत गेलो. पठारांवर सोनकीची शेवटची पिवळी फुलं होती, आभाळ निवळलेलं. या वेळी मी आधीच फाईल उघडून फाट्यांवर खुणेचे बिंदू टाकले होते, प्रत्येकाला दोन शब्दांचं नाव. पाचव्या टेकडीवर घड्याळाने "उजवीकडे चढ" दाखवलं. घड्याळ जॅकेटच्या बाहीवरून बांधलं होतं, इशाऱ्याला थरथरीसोबत आवाजही लावला होता, आणि थरथर झाली की आधी थांबायचं, मग बघायचं, असा आमचा दोघांचा करार होता. फोन विमान मोडवर पिशवीत. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा घड्याळात ३८ टक्के बॅटरी शिल्लक होती. गडावर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. भावाने मावशीला फोन लावून तो माझ्या हातात दिला.

आठवड्याने ऑफिसमधल्या एका मुलीने माझा ट्रॅक मागितला. तिच्यासाठी फाईल घेऊन बसले. खाण्यापाशी झालेला रेघेचा गुंता काढला, एका खिंडीत आम्ही उगाच मारलेला वळसा काढला. गुरांच्या वाटेच्या तोंडाशी एक बिंदू वाढवला आणि त्याला नाव दिलं: "रुंद वाट नको".