तिसऱ्या डाऊनआधी काय घडलं

रविवार, १५ ऑक्टोबर २०२३

काल अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये, मॅडिसनला: आयोवा विद्यापीठ १५, विस्कॉन्सिन ६. आयोवाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, डीकन हिल याने १४ पास टाकले, ६ झेलले गेले, एकूण ३७ यार्ड. पंटर टोरी टेलरने चेंडू १० वेळा लाथेने दूर पाठवला, ५०६ यार्ड. क्वार्टरबॅकपेक्षा पंटरने जवळजवळ चौदापट मैदान कापलं आणि संघ ७ पैकी ६ सामने जिंकून बसला आहे. आयोवाच्या चाहत्यांना या हंगामात नीट चिडताही येत नाही, ते याचमुळे.

हा खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, एकेका संधीला डाऊन म्हणतात. तीन डाऊनमध्ये काम झालं नाही की बहुतेक संघ चौथ्याला पंट मारतात, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतात, पण शक्य तितका लांब नेऊन. किर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून आयोवाचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांचं सगळं गणित या चौथ्या डाऊनभोवती फिरतं. ‘पंट म्हणजे विजय’ अशा अर्थाचे टी-शर्ट टेलरच्या नावावर खपले. लोकांनी ते हसत घेतले, पण त्यात निव्वळ विनोद नव्हता.

काल लेशॉन विल्यम्सने ८२ यार्डांची धाव मारून टचडाऊन केलं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला, जो इव्हान्सने सेफ्टीचे (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवल्याचे) २ गुण मिळवून दिले, बाकीचे गुण किकरचे. टाइट एंड (लाइनच्या टोकाचा, अडवणारा आणि झेलणाराही) एरिक ऑलचा पाय जायबंदी झाला, ल्यूक लॅची सप्टेंबरपासूनच बाहेर आहे. ज्या आक्रमणात टाइट एंड हाच पास झेलणारा मुख्य माणूस, तिथे दोघेही गेले. हिलवर तुटून पडणाऱ्यांनी एवढं तरी आधी मोजावं.

रविवार, २२ ऑक्टोबर २०२३

मिनेसोटा १२, आयोवा १०.

सगळीकडे एकच चर्चा: शेवटचं दीड मिनिट उरलं असताना आयोवाच्या कूपर डीजीनने मिनेसोटाचा पंट उचलून ५४ यार्ड पळत टचडाऊन केलं आणि पंचांनी ते रद्द केलं. चेंडू जमिनीवर असताना त्याने डावा हात हलवला होता. नियमात तो फेअर कॅचचा (न पळता नुसता झेल घेण्याचा) अवैध इशारा ठरतो आणि अशा इशाऱ्यानंतर चेंडू उचलला त्या जागीच डाव थांबतो. नियम लावला तो बरोबर की नाही यावर आयोवा सिटीत वर्षानुवर्षं भांडणं होतील. माझ्या लेखी तो दुय्यम मुद्दा आहे. त्या निर्णयानंतरही चेंडू आयोवाकडेच होता, स्वतःच्या ४६ यार्डांवर (आपल्या गोलरेषेपासून मोजून), घड्याळात १ मिनिट २१ सेकंद. फील्ड गोलच्या (लाथेने खांबांमधून मारायच्या ३ गुणांच्या) टप्प्यात यायला वीस-पंचवीस यार्ड हवे होते. तेवढे मिळाले नाहीत, शेवट इंटरसेप्शनने झाला, पास समोरच्यानेच झेलला. आणि का मिळतील? संपूर्ण उत्तरार्धात आक्रमणाने मिळून १२ यार्ड काढले होते. पूर्ण सामन्यात १२७.

हिलचे आकडे: २८ पैकी १०. धावून संघाला मिळाले ११ यार्ड. लोक पहिला आकडा वाचून ‘पोराला बसवा’ म्हणतात. मला दुसरा जास्त बोलका वाटतो.

आयोवाची धाव मुख्यतः आउटसाइड झोनची. पुढे उभे राहून अडवणारे पाचही लाइनमन एकाच बाजूला सरकतात, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) त्यांच्या मागून कडेकडे पळत फट शोधतो आणि बचाव वाहवत गेला की उलट्या बाजूला कापतो. दोन टाइट एंड उभे केले तर अडवणारे सात होतात. समोरच्याने आठवा माणूस पुढे आणला की एक जण मोकळा राहतो. या आठव्याला बांधून ठेवायचे मार्ग दोनच. एक, क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असावा, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवायला कोणाला तरी थांबावं लागतं. हिल २५८ पौंडांचा आहे, त्याच्यासाठी कोणी थांबत नाही. दोन, धाव दिल्याचं सोंग करून पास टाकायचा, म्हणजे प्ले-ऍक्शन. पुढे धावलेल्या लाइनबॅकरच्या (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्याच्या) पाठीमागे दहा-पंधरा यार्डांवर जी जागा रिकामी होते तिथे चेंडू.

हे सोंग खपतं ते पहिल्या डाऊनला, कारण तेव्हा समोरचा धाव येणार असं खरोखर धरून असतो. तिसऱ्या डाऊनला ९ यार्ड हवे असताना सोंगाला कोण फसणार? आयोवा पहिल्या डाऊनला बॅकच्या हाती चेंडू देते, एक यार्ड. दुसऱ्याला पुन्हा तेच किंवा तोकडा पास, शून्य. आता तिसरा डाऊन आणि ९ यार्ड. बचावाला ठाऊक आहे की पास येणार, मागचे सगळे झेलणाऱ्यांवर बसलेत, पुढचे बेलगाम धावतात. मग हिलचा पाय घसरतो, चेंडू मागे जातो, आणि टीव्हीवर त्याचाच चेहरा दिसतो. चूक त्याची आहेच. जवळचे पासही तो गोळीसारखे फेकतो, पाय न रोवता फेकतो. पण ते ९ यार्डांचं अंतर त्याने आणलेलं नव्हतं.

वाद घालण्याआधी एक सामना नुसता कागदावर उतरवून पाहावा. रकाने सहा: डाऊन, हवे असलेले यार्ड, मैदानातली जागा, समोर पुढे उभे असलेले किती, कोणती चाल, मिळाले किती. मग पहिल्या डाऊनला हव्या अंतराच्या निम्मं, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, एवढं मिळालं तर चाल यशस्वी धरायची. तिसऱ्या डाऊनचं सरासरी अंतर शेवटी काढायचं. सातच्या वर आलं की क्वार्टरबॅकबद्दल मत देण्याआधी वर जाऊन पहिल्या डाऊनच्या ओळी वाचायच्या.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर २०२३

काल जाहीर झालं: आक्रमणाचे समन्वयक, म्हणजे चाली ठरवणारे प्रशिक्षक, ब्रायन फेरेन्ट्झ हंगामानंतर नसतील. निर्णय क्रीडा विभागाच्या हंगामी संचालक बेथ गोएट्झ यांचा. ब्रायन हे किर्क यांचे चिरंजीव. घराणेशाहीचा ठपका नको म्हणून कागदोपत्री ते वडिलांच्या नव्हे, क्रीडा संचालकांच्या हाताखाली होते. ते संचालक, गॅरी बार्टा, ऑगस्टमध्ये निवृत्त झाले आणि आडोसा गेला.

फेब्रुवारीत ब्रायन यांच्या करारात घातलेली अट तर अजबच होती: सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि किमान ७ विजय. पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर. तेरा सामन्यांना ३२५ गुण लागतात. आठ सामन्यांत झाले १५६, सरासरी १९.५. उरलेल्या पाचांत १६९ हवेत, म्हणजे दर सामन्याला जवळजवळ ३४. मुळात गोम अशी की बचावाने किंवा पंट परतवून केलेले गुणही या २५ मध्ये धरले जात होते. मिशिगन स्टेटविरुद्ध डीजीनने पंट परतवून ७० यार्डांचं टचडाऊन केलं, ते समन्वयकाच्या खात्यात! आक्रमण सुधारलं की नाही हे ज्या आकड्यातून कळतच नाही, त्यावर नोकरी टांगली होती.

ब्रायन जाणार म्हणून जल्लोष करणाऱ्यांना मी २३ ऑक्टोबर २००४ ची आठवण देईन. आयोवा ६, पेन स्टेट ४. चौथ्या क्वार्टरमध्ये ६-२ अशी आघाडी असताना आपल्या गोलरेषेजवळून धोक्याचा पंट मारण्यापेक्षा किर्क यांनी मुद्दाम सेफ्टी देऊन २ गुण दान केले आणि बचावावर सामना सोपवला. ब्रायन तेव्हा समन्वयक नव्हते. ही वृत्ती मुलाची नाही, वडिलांची आहे. नवा समन्वयक येईल, पण चौथ्या डाऊनला पंटचा निर्णय कोण घेणार?

आणि ही वृत्ती वेडगळ नाही, हेही लिहून ठेवतो. समजा चार डाऊनचा एक संच पार करायची शक्यता ६० टक्के आहे आणि दर संचात जेमतेम दहाच यार्ड मिळतात. स्वतःच्या ३० यार्डांवरून टचडाऊनला असे सात संच लागतात: शक्यता ३ टक्क्यांच्या आत. समोरच्याच्या ४० वरून चारच लागतात: १३ टक्के. टेलरने प्रतिस्पर्ध्याला त्याच्या १० यार्डांवर कोंडलं तर त्याला नऊ संच हवेत, तेही फिल पार्कर यांच्या बचावासमोर. म्हणजे आक्रमण जितकं लंगडं तितकी मैदानातल्या जागेची किंमत जास्त. दुसऱ्या टोकाला शेपटाचा फलंदाज उभा असताना सेट झालेला फलंदाज षटकातली एकेरी धाव नाकारतो, तसाच हा हिशोब.

फक्त यात एक भोक आहे. वरची ६० टक्के ही काही निसर्गाने दिलेली संख्या नाही. पहिल्या दोन डाऊनला काय बोलावता त्यावर ती ठरते. भित्र्या चालींमुळे ती खाली येते आणि खाली आली म्हणून भित्र्या चाली शहाणपणाच्या ठरतात.

पुरावा हवा असेल तर दोन माणसं पाहा. चार्ली जोन्स: २०२१ मध्ये आयोवाकडून २१ झेल, ३२३ यार्ड. पुढच्या वर्षी पर्ड्यूला गेला, ११० झेल, १,३६१ यार्ड. केड मॅकनमारा: २०२१ मध्ये मिशिगनकडून ६४ टक्के पास पूर्ण केले, बिग टेन या आयोवाच्याच गटाच्या अंतिम सामन्यात याच आयोवाला ४२-३ ने लोळवलं. या वर्षी आयोवात आला, ५१ टक्के. गुडघा जाण्याआधीचा आकडा आहे हा. मांडीची दुखापत त्याला ऑगस्टपासून होती, मान्य. पण पेन स्टेटविरुद्ध ३१-० हरताना संघाने ३३ चाली खेळून ७६ यार्ड काढले, तेव्हाही क्वार्टरबॅक मॅकनमाराच होता, हिल नव्हे. त्याच्या आधीचा स्पेन्सर पेट्रास २०२२ मध्ये अशीच बोलणी खात होता. साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ जिंकले, टचडाऊन एकही नाही, एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. तीन वेगळे क्वार्टरबॅक, तक्रार एकच.

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

रिग्ली फील्डवर नॉर्थवेस्टर्नला १०-७. टचडाऊन अडवलेल्या पंटमुळे मिळालं, विजय शेवटच्या सेकंदांतल्या लांबच्या फील्ड गोलमुळे. त्या गोलआधी हिलचा केलेब ब्राउनला गेलेला पास मात्र सुरेख होता. टाकू शकतो तो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर २०२३

रटगर्स ०, आयोवा २२. हिल ३१ पैकी २०, २२३ यार्ड. तोच पोरगा, तीच लाइन. एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, पण ‘याला येतच नाही’ म्हणणाऱ्यांनी आज काय म्हणायचं?

अडखळणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी करण्यासारखं बरंच असतं. मैदानाचा अर्धाच भाग वाचायला द्यावा: दोन झेलणारे, एक जवळ, एक त्याच्या मागे, आणि समोरच्या एकाच बचावपटूकडे बघून निर्णय. तीन पावलांत चेंडू सुटावा, सात पावलं मागे जाऊन उभं राहणं नको. पहिल्याच मालिकेत दोन-तीन सोपे पास द्यावेत, स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या आडून दिलेला तोकडा पास) किंवा कडेचा हिच (थोडं धावून थबकणाऱ्याला दिलेला), म्हणजे हात बसतो. तिसऱ्याला लांब अंतर आलंच तर ड्रॉची (पासचं सोंग करून दिलेली) धाव देऊन पंटला जागा सुधारण्यात कमीपणा नाही. या माणसाकडून लांबचा पास मागायचा तो पहिल्या डाऊनला, धावेच्या सोंगामागून. आयोवा नेमकं उलट करते: बिनधोक पहिला, बिनधोक दुसरा आणि सगळा जुगार तिसऱ्याला.

शनिवार, २५ नोव्हेंबर २०२३

लिंकनमध्ये नेब्रास्का १०, आयोवा १३. ड्र्यू स्टीव्हन्सच्या दोन किक अडवल्या गेल्या म्हणून मार्शल मीडरला पाठवलं आणि त्याने ३८ यार्डांवरून घड्याळ संपताना गोल मारला. दहा विजय, विभागाचं जेतेपद आधीच खिशात. ‘जिंकतायत ना, मग गप्प बसा’ या गटाचा दिवस. त्यांचं बरोबर आहे, फक्त ते पार्कर आणि टेलर यांच्या कमाईवर बोलत आहेत.

रविवार, ३ डिसेंबर २०२३

मिशिगन २६, आयोवा ०. मिशिगनलाही यार्ड २१३ च मिळाले, हे महत्त्वाचं. बचाव कोसळला नाही, जागेचं गणित कोसळलं. सेमाज मॉर्गनने पंट ८७ यार्ड परत आणून आयोवाच्या ५ यार्डांवर नेला, दोन चालींत टचडाऊन. पुढे हिलच्या हातून चेंडू आपल्याच गोलरेषेजवळ निसटला. जागेवर जगणाऱ्या संघाने जागा दोनदा गमावली की परत येण्याचा रस्ताच नसतो: सात-सात संच पार करण्याची सवयच अंगात नाही.

मंगळवार, २ जानेवारी २०२४

सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात टेनेसी ३५, आयोवा ०. लागोपाठ दुसरा भोपळा. उत्तरार्धात हिलला बसवून मार्को लायनेझला आणलं. पास त्याचेही चालले नाहीत, पण तो पळू शकतो म्हणून समोरचा आठवा माणूस क्षणभर का होईना थबकत होता. ऑक्टोबरपासून याचीच गरज होती.

हंगामाचा हिशोब: १० विजय, ४ पराभव, सरासरी १५.४ गुण, एकूण यार्डांत देशातल्या १३३ संघांमध्ये शेवटचे. हिलचे ५ टचडाऊन पास, ८ इंटरसेप्शन. टेलरचे ९३ पंट, ४,४७९ यार्ड, राष्ट्रीय विक्रम आणि सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार. पार्कर यांना सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार.

आता नवा समन्वयक शोधतील. येणाऱ्याने कोणती पोथी आणली, कुठे शिकला, यात मला रस नाही. पहिल्या चार सामन्यांत एवढंच मोजणार: पहिल्या डाऊनला सोंगाचे पास किती, आणि तिसऱ्या डाऊनचं सरासरी अंतर सातच्या खाली येतं का. हे दोन आकडे हलले नाहीत, तर मॅकनमाराचा गुडघा कितीही नीट जुळो, पुढच्या ऑक्टोबरात लोक त्यालाच शिव्या देत असतील.