तीन टर्नटेबल पाहून आलो, त्याची हकिकत

पिशवीत टॉर्च, भिंग, घड्याळ आणि ओरखडे पडले तरी चालतील अशी एक रेकॉर्ड घेऊन सकाळी निघालो. तीन ठिकाणी तीन जुने टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायची यंत्रं) पाहायचे होते, तिन्ही मध्यम किमतीचे.

पहिला देखणा. लाकूड चकचकीत, झाकणावर ओरखडा नाही. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाचा कपटा चिकटवून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला ३३⅓ म्हणजे ३ मिनिटांत १०० भरायला हव्यात. भरल्या ८३. मोटर ठणठणीत होती, पण पुली (मोटरच्या दांड्यावरचं छोटं चाक) ६० हर्ट्झच्या विजेची आणि घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून गती कमी. योग्य पुली हाती येईल याची खात्री नसेल तर अशा यंत्राचे पैसे देऊ नका. मी दिले नाहीत.

दुसऱ्याची गती बरोबर होती, टोनआर्मने (सुई धरणाऱ्या दांडीने) घात केला. अँटिस्केट (आर्मची आत सरकण्याची ओढ तोलणारी सोय) शून्यावर ठेवून, मागचं वजन सरकवून आर्म तरंगता केला आणि हळूच फुंकर मारली. तो मोकळेपणी वाहत जायला हवा. हा मध्येच अडायचा. हेडशेल (आर्मचं सुई बसवायचं टोक) दोन बोटांत धरून अगदी हलकं हलवलं, तर आर्मच्या बुडाशी खुळखुळ जाणवली. तिथेच विषय संपवला. प्लॅटर फिरवणारा पट्टा आणि सुई झिजणारच, त्यांचा खर्च आधीच किमतीत धरावा. (विक्रेता ‘सुई नवीच आहे’ म्हणाला तरी धरावा, आणि घरच्या चांगल्या रेकॉर्डवर ती टेकवू नये.) आर्म ज्यांवर वळतो ती बेअरिंग मात्र सहज बदलून मिळत नाहीत.

तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटरच थेट प्लॅटर फिरवते असा. कडेचे स्ट्रोबचे ठिपके (गती बरोबर असली की दिव्याखाली स्थिर दिसणारे) लटपटत होते, म्हणून पिचचा, म्हणजे गती कमी-जास्त करायचा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवला. आतला मळ निघाला आणि ठिपके स्थिरावले. प्लॅटर मूळचाच आहे ना, हेही विचारलं. टेक्निक्सच्या १९७९ सालच्या एसएल-१२०० एमके२सारख्या यंत्रात मोटरचं चुंबक प्लॅटरच्याच खाली बसवलेलं असतं, तिथे भलताच प्लॅटर चालत नाही. शेवटी रेकॉर्ड लावून दोन गाण्यांमधल्या शांत जागेत कान दिला. घरघर नव्हती. हाच घेतला.

परतताना प्लॅटर आणि मागचं वजन काढून वेगवेगळं गुंडाळलं, आर्म स्टँडला दोऱ्याने बांधला, सुईवर टोपण चढवलं. प्लॅटर बसवलेलाच ठेवून नेलं तर वाटेतले हादरे थेट प्लॅटरच्या बेअरिंगला बसतात.