कांदा चाळीतील यंत्रासाठी स्क्रीन निवडताना

निफाड तालुक्यातील मामांच्या कांदा चाळीसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र मी सध्या तयार करीत आहे. उन्हाळ कांदा साठवताना चाळीत साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहावी अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात हवेतील ओल वाढली की सडीचा धोका वाढतो आणि चाळीत हवा खेळती ठेवण्यासाठी हालचाल करावी लागते. तापमान-आर्द्रता मोजणारा सेन्सर एसएचटी३१ आणि यंत्र चालवणारी नियंत्रक चिप ईएसपी३२ ही निवड लगेच झाली. स्क्रीनच्या निवडीला मात्र बराच वेळ लागला, आणि तो देणे योग्यच होते, कारण बॅटरीचा आकार, खोक्याची रचना आणि प्रोग्रामचा बराचसा भाग स्क्रीन ठरल्यावरच ठरतो.

स्क्रीन म्हटले की आपण आधी इंच, रंग आणि पिक्सेल पाहतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: ती स्क्रीन कोणत्या उजेडात वाचली जाणार आहे? हे खोके चाळीच्या खांबावर, पत्र्याच्या पडवीखाली बसणार असून दुपारनंतर त्यावर तिरके ऊन येते. ओएलईडी स्क्रीनचे पिक्सेल स्वतः प्रकाश देतात आणि सामान्य टीएफटी, म्हणजे रंगीत एलसीडी, मागच्या दिव्यावर (बॅकलाइटवर) चालते. दोघींनाही उन्हाशी स्पर्धा करावी लागते आणि त्यात त्या हरतात. याउलट परावर्तनावर चालणारी साधी एलसीडी किंवा ई-पेपर (कागदावरील शाईसारखी दिसणारी) स्क्रीन पडणाऱ्या उजेडाचाच उपयोग करते, त्यामुळे ऊन जितके जास्त तितकी ती स्पष्ट दिसते. रात्री तिला दिवा लागतो, पण रात्री आकडा पाहणारा माणूस बटण दाबू शकतो.

दुसरा प्रश्न विजेचा. चाळीत कायमचा वीजपुरवठा नाही, म्हणून यंत्र २५०० मिलिअँपिअर-तासांच्या एका १८६५० (पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम) सेलवर चालवायचे आहे. ०.९६ इंची ओएलईडी सतत चालू ठेवली आणि ती सरासरी १५ मिलिअँपिअर घेते असे धरले, तर दिवसाला ३६० मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि सेल आठवडाभरात संपतो. शिवाय त्याच जागी तेच शब्द महिनोन्महिने दाखवल्यास ओएलईडीचे ते पिक्सेल इतरांपेक्षा लवकर मंद होतात. ईएसपी३२ दर पंधरा मिनिटांनी जागा होऊन पुन्हा झोपणार आहे, तेव्हा त्याचा खर्च थोडा आहे. परंतु बाजारातील अनेक तयार बोर्डांवर असलेला एएमएस१११७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे ५ मिलिअँपिअर घेत राहतो, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास. तो बदलल्याशिवाय स्क्रीनवर केलेल्या काटकसरीला अर्थ उरत नाही.

या दोन प्रश्नांनंतर यादी आपोआप आखूड झाली. आयएलआय९३४१ कंट्रोलरची (स्क्रीन चालवणाऱ्या चिपची) २४० गुणिले ३२० पिक्सेलची रंगीत टीएफटी दिसायला देखणी असते, परंतु सोळा बिटांच्या रंगात तिचे एक पूर्ण चित्र १,५३,६०० बाइट घेते आणि मला दाखवायचे आहेत चार आकडे. एचडी४४७८० कंट्रोलरची सोळा अक्षरे आणि दोन ओळींची एलसीडी स्वस्त आणि दणकट आहे. मात्र ती बहुधा ५ व्होल्टची असते, तर ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा. तिच्यामागे लावलेल्या आय-टू-सी (दोन तारांवरून संदेश पाठवणाऱ्या) पट्टीवरील पुल-अप, म्हणजे त्या तारा वरच्या व्होल्टला धरून ठेवणारे, रोधक ५ व्होल्टला जोडलेले असतील, तर ते ईएसपी३२च्या पिनांसाठी बरे नाही. शार्पची मेमरी एलसीडी या कामाला तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट ठरली असती. पेबल या स्मार्टवॉचमध्ये तीच होती. पण मामांच्या खोक्यात तिची किंमत बसत नाही.

उरल्या दोन: २.९ इंची ई-पेपर आणि एसटी७५६५ कंट्रोलरची, काचेवरच चिप बसवलेली १२८ गुणिले ६४ पिक्सेलची एलसीडी.

ई-पेपरकडे माझा कल सुरुवातीपासून होता. चित्र बदलतानाच ती वीज घेते. बदलायला दोन सेकंद आणि ८ मिलिअँपिअर धरले, तर दर पंधरा मिनिटांनी बदलूनही दिवसाला अर्धा मिलिअँपिअर-तास पुरतो. (लाल रंगाची तिरंगी ई-पेपर घेण्याचा मोह टाळावा, तिला एक चित्र बदलायला पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात आणि तेवढा वेळ ती लुकलुकत राहते.) अडचणी दोन निघाल्या. पहिली तापमानाची आणि उन्हाची. या स्क्रीन साधारणपणे ० ते ५० अंशांसाठी असतात आणि थेट उन्हापासून, विशेषतः अतिनील किरणांपासून, त्यांना जपावे अशी सूचना उत्पादकच देतात. थंडीत नीचांकी तापमानासाठी दरवर्षी बातम्यांत झळकणाऱ्या निफाडात शून्याची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण तेव्हा चाळ रिकामी असते. खरी भीती एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात तापलेल्या बंद खोक्याची आहे.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. वीज गेली तरी ई-पेपरवरील चित्र तसेच राहते, आणि जो तिचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो तोच येथे घातक ठरू शकतो. सेल संपला, तरी स्क्रीन चार दिवसांपूर्वीचे २८ अंश आणि ६८ टक्के तितक्याच ठळकपणे दाखवत राहील आणि पाहणारा निश्चिंत होऊन निघून जाईल. दुकानातील किमतीच्या पट्टीवर हे चालते. मोजमापाच्या यंत्रावर चालत नाही. आकड्याशेजारी नोंदीची वेळ लिहिता येते, परंतु घाईत पाहणारा माणूस आकडा वाचतो, वेळ ताडून पाहत नाही. यंत्र बंद पडले की स्क्रीनही कोरी पडावी, हा माझा तिसरा निकष येथून आला आणि निवड एलसीडीच्या बाजूने झुकली.

ही एलसीडी बॅकलाइटशिवाय एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी वीज घेते. ०.३ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सात मिलिअँपिअर-तास, म्हणजे केवळ स्क्रीनपुरते पाहिल्यास एक सेल वर्षभर पुरण्याच्या जवळ जातो. कंट्रोलरमध्ये स्वतःची मेमरी असल्याने ईएसपी३२ झोपला तरी आकडे दिसत राहतात. अर्थात यातही एक खोच आहे: ईएसपी३२ अडकून पडला आणि स्क्रीनला वीज मिळत राहिली, तर तिथेही जुनाच आकडा राहील. त्यासाठी वॉचडॉग (अडकलेली चिप आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) चालू ठेवला असून, सेन्सरकडून उत्तर आले नाही तर आकड्यांच्या जागी आडव्या रेघा याव्यात अशी व्यवस्था केली आहे.

विकत घेताना तापमानाची श्रेणी विचारून घ्यावी. साध्या श्रेणीची एलसीडी ५० अंशांपर्यंतची असते, विस्तारित श्रेणीची उणे २० ते ७० अंशांपर्यंतची; मर्यादेपलीकडे तापली की सगळा पडदा काळा पडतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो. पाहण्याची दिशाही तपासावी. सहा वाजताची दिशा म्हटलेली स्क्रीन खालून पाहिल्यास स्पष्ट दिसते, बारा वाजताची वरून. खोके डोळ्यांपेक्षा उंच बसवायचे असल्याने मला सहाची हवी होती. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सांगून मागितले तरी माहितीपत्रकाशी ताडून पाहणे बरे, कारण सारख्या दिसणाऱ्या मॉड्यूलांत आत वेगळे कंट्रोलर असतात. ओएलईडीत एसएसडी१३०६ आणि एसएच११०६ यांची अशी गल्लत नेहमीची आहे: दुसऱ्याची मेमरी १३२ स्तंभांची असल्याने पहिल्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामने चित्र सरकते किंवा विस्कटते. काही मॉड्यूलांवर तर विजेच्या दोन पिनांची जागाच उलट असते.

शेवटचा मुद्दा मराठीचा. मामांना यंत्रावर इंग्रजी नको आहे. देवनागरी फॉन्ट ईएसपी३२सारख्या मायक्रोकंट्रोलरवर चढवता येतो, परंतु अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा त्यासोबत येत नाही; ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर आणि दाखवताना अक्षराआधी येते, आणि ‘आर्द्रता’ या शब्दात रफार व जोडाक्षर एकत्र आल्याने त्याचे तुकडे पडतात. सोळा-बाय-दोनच्या एलसीडीवर तर स्वतः घडवलेली केवळ आठ अक्षरे एका वेळी मावतात. पिक्सेलच्या स्क्रीनवर सरळ मार्ग असा, की ठरलेले शब्द संगणकावर नीट लिहून त्यांचे चित्र करावे आणि ते ईएसपी३२च्या कायमच्या मेमरीत (फ्लॅशमध्ये) ठेवावे. ६४ गुणिले १६ पिक्सेलचे एक चित्र १२८ बाइटांचे होते, तेव्हा ‘तापमान’, ‘आर्द्रता’ आणि ‘सेल बदला’ एवढ्यांना जागेची चिंता नाही. सोळा पिक्सेलपेक्षा कमी उंचीत मात्रा आणि उकार एकमेकांत मिसळतात, म्हणून शब्द सोळाचेच ठेवले आणि आकडे बत्तीसचे. ६४ पिक्सेलच्या उंचीत असे दोनच आकडे एकाखाली एक बसतात, त्यामुळे चाळीच्या दोन टोकांचे चार आकडे एकदम न दाखवता प्रत्येक टोकासाठी वेगळे पान केले असून ते त्याच बॅकलाइटच्या बटणाने उलटते.